झोपेत गेलेलं बाळ आणि आईवर येणारा आळ

रात्री पाजून, ढेकर काढून निजवलेलं तीन महिन्यांचं बाळ सकाळी उठत नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं असतं. मग तासाभरात घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘दूध छातीत गेलं असेल.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, त्याला फक्त कारण हवं असतं. पण रात्री दोन वाजता जिने बाळाला अंगावर घेतलं होतं तिच्या कानावर ते पडतं, आणि मग वर्षानुवर्षं ते तिचा पिच्छा सोडत नाही. बहुतेक वेळा हे निदान चुकीचं असतं. ते का चुकीचं आहे हे नीट कळणं, हा अशा घराला मिळू शकणारा पहिला आधार आहे. म्हणून सांत्वनाचं नंतर बोलू, आधी शरीरशास्त्र.

एक वर्षाच्या आतलं, वरवर निरोगी बाळ अचानक, बहुधा झोपेत दगावलं आणि संपूर्ण शवविच्छेदन, झोपण्याच्या जागेची पाहणी आणि आजारपणाची माहिती हे सगळं तपासूनही कारण सापडलं नाही, तर त्याला ‘सडन इन्फंट डेथ सिंड्रोम’ म्हणजे सिड्स म्हणतात. हे नाव १९६९ साली सुचवलं गेलं. यातले सुमारे ९० टक्के मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत होतात, आणि सर्वांत जास्त दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात. या वयाला एवढं महत्त्व का, ते पुढे येईलच.

मे २०२२ मध्ये ‘सिड्सचं कारण सापडलं’ अशा बातम्या जगभर झळकल्या, आणि त्या अजूनही फोनवर फिरत असतात. मूळ संशोधन सिडनीचं होतं. नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबांत ब्यूटिरिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमचं प्रमाण पुढे सिड्सने गेलेल्या बाळांमध्ये सरासरीने कमी आढळलं, एवढंच त्यात होतं. बाळांची संख्या थोडी होती, आणि गेलेल्या व जगलेल्या बाळांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते की त्यावरून एखाद्या बाळाचा धोका ओळखता येणं शक्यच नव्हतं. तरी अशी बातमी वाचून ‘आपण ती टेस्ट करून घेतली असती तर’ असं आईबापांच्या मनात येतं. अशी टेस्ट कुठेही उपलब्ध नव्हती, आजही नाही.

झोपेत नेमकं काय होतं

१९९४ साली फिलियानो आणि किनी यांनी तीन धोक्यांचं मॉडेल मांडलं. बाळात आधीपासून असलेली छुपी कमजोरी, नाजूक वय आणि बाहेरचा एखादा ताण, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या तरच मृत्यू होतो, असं ते सांगतं. बाहेरचा ताण म्हणजे पालथं झोपणं, मऊ गादी-उशी, तोंडावर आलेलं दुपटं, फार गुंडाळणं, तंबाखूचा धूर, कधी नुसती सर्दी.

समजा, बाळाचं तोंड गादीत रुतलं. स्वतःच सोडलेली हवा ते पुन्हा आत घेऊ लागतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड चढतो, ऑक्सिजन उतरतो. मानेतल्या मोठ्या धमनीजवळचे आणि मेंदूच्या देठातले, म्हणजे मस्तिष्कस्तंभातले संवेदक हा बदल लगेच टिपतात. पुढच्या घटना ठरलेल्या क्रमाने होतात. आधी एक खोल उसासा. मग अंग दचकल्यासारखं हलतं आणि नाडी जलद होते. त्यानंतर मेंदूचा वरचा थर जागा होतो. बाळ मान वळवतं, डोकं उचलतं, रडतं. निरोगी बाळांच्या बाबतीत हे कित्येकदा घडून जातं आणि शेजारी झोपलेल्या कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हा क्रम मध्येच तुटला तर ऑक्सिजन आणखी घसरतो, श्वास थांबतो, नाडी मंदावते. पण अजूनही एक वाट शिल्लक असते, आणि या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत विलक्षण भाग तोच आहे. मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी, लंबमज्जेत, प्री-बॉटझिंगर संकुल नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. एरवी श्वासाची लय तो सांभाळतो. ऑक्सिजन फारच कमी झाला की तो नेहमीची लय सोडून आचके देऊ लागतो. एका आचक्यात एरवीच्या श्वासापेक्षा खूप जास्त हवा आत ओढली जाते. तिच्यातला ऑक्सिजन हृदयापर्यंत पोचला की नाडी उचल खाते, आणि थोड्याच आचक्यांत साधा श्वास परत सुरू होतो. मेंदूचा वरचा थर पूर्ण बेशुद्ध असताना शरीर स्वतःच स्वतःला परत आणतं. काही बाळं घरी मॉनिटर लावलेला असतानाच दगावली. त्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं की त्यांना आचके आले होते, पण त्यांनी नाडी उचलली गेली नाही. म्हणजे बाळाचं शरीर प्रयत्न करत होतं, मात्र या साखळीतला एक दुवा कमजोर होता.

तो दुवा बराचसा सेरोटोनिनशी, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाशी, संबंधित असावा. लंबमज्जेच्या मध्यरेषेवर राफे केंद्रकं आहेत. तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, आणि त्याचे धागे श्वास, नाडी, रक्तदाब, शरीराचं तापमान आणि जागं होणं या सगळ्या केंद्रांपर्यंत गेलेले असतात. बॉस्टनच्या हॅना किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दगावलेल्या बाळांच्या मस्तिष्कस्तंभांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २०१० साली त्यांनी दाखवलं की सिड्सच्या बाळांच्या लंबमज्जेत सेरोटोनिन २६ टक्क्यांनी आणि ते बनवणारं ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज २ हे एन्झाइम २२ टक्क्यांनी कमी होतं. ही कमतरता सोनोग्राफीत दिसत नाही, वजनाच्या तक्त्यात दिसत नाही, बाळाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. कितीही सावध आईला ती ओळखता आली नसती, आणि बालरोगतज्ज्ञालाही नाही.

आता वयाचं. दोन ते चार महिन्यांच्या काळात जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया मागे पडत असतात आणि त्यांची जागा घेणाऱ्या शिकलेल्या हालचाली अजून पक्क्या झालेल्या नसतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं ओसरत असतात. गर्भातलं हिमोग्लोबिन जाऊन मोठ्यांचं येत असतं आणि त्या अदलाबदलीत बाळाचं हिमोग्लोबिन तात्पुरतं उतरलेलं असतं. झोपेची रचनाही याच वेळी बदलते. आपल्याकडे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातल्या लसी नेमक्या याच काळात येतात. त्यामुळे ‘डोस दिला आणि तिसऱ्या दिवशी बाळ गेलं’ अशी जोडी काही घरांत केवळ योगायोगाने जुळते. लसींमुळे सिड्सचा धोका वाढत नाही हे अनेक देशांत तपासलं गेलं आहे. लस घेतलेल्या बाळांमध्ये तो उलट कमीच आढळतो. दृष्ट, पायगुण, अमावस्या या गोष्टींवर लिहायचं म्हटलं तर एकच सांगता येईल. त्यांचा राफे केंद्रकांशी काहीही संबंध नाही, आणि सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणं म्हणजे शोकात असलेल्या बाईवर केलेला अत्याचार आहे.

नाकातोंडातलं दूध आणि अंगावरचे डाग

बाळ उताणं झोपलेलं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. उलटून आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर वर चढावं लागेल. बाळ पालथं असलं की हेच उलट होतं. शिवाय स्वरयंत्राच्या तोंडाशी द्रव लागला की गिळणं, खोकणं आणि जागं होणं आपोआप घडतं. मग सकाळी ओठांवर, नाकात दूध कसं दिसतं? जीव जाताना आणि गेल्यावर जठराच्या तोंडाचे स्नायू सैल पडतात आणि आतलं दूध वर येतं. छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन वाचवण्याचा प्रयत्न झाला असेल तर ते आणखी वर ढकललं जातं. फुफ्फुसातला द्रव फेसाळून गुलाबीसर दिसतो, म्हणून ‘रक्त आलं होतं’ असंही सांगितलं जातं. शवविच्छेदनात श्वासनलिकेत थोडं दूध सापडलं, तरी तेवढ्यावरून ते मृत्यूचं कारण ठरत नाही.

अंगावरच्या निळ्या-जांभळ्या डागांचंही तसंच. रक्ताभिसरण थांबलं की रक्त गुरुत्वाकर्षणाने खालच्या बाजूला साचतं. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत त्याच्या खुणा दिसू लागतात आणि आठ ते बारा तासांत त्या पक्क्या होतात. पालथ्या बाळाच्या चेहऱ्यावर आणि छातीवर त्या उमटतात. त्या ना माराच्या असतात, ना विषाच्या.

बाळ खरोखरच पालथं झोपलेलं होतं, तर? इथे खोटा दिलासा देऊ नये. पालथं झोपणं हा धोका आहेच. १९९१ मध्ये ब्रिटनने आणि १९९४ मध्ये अमेरिकेने उताणं झोपवण्याची मोहीम सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. पण त्याआधी कित्येक वर्षं पाश्चात्त्य देशांतले डॉक्टरच पालथं झोपवायला सांगत होते, आणि तशी झोपलेली जवळजवळ सगळी बाळं जगली. धोका म्हणजे कारण नव्हे. तीनपैकी तो एक धागा आहे, आणि उरलेले दोन कुणाच्याच हातात नव्हते.

ससूनची पायरी चढावी लागते तेव्हा

बाळ दवाखान्यात आणण्याआधीच दगावलं असेल, तर डॉक्टरांना परस्पर दाखला देता येत नाही. पोलिसांना कळवावं लागतं. ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पंचनामा होतो आणि शवविच्छेदन होतं. पुण्यात ते बहुधा ससून रुग्णालयात होतं, पिंपरी-चिंचवडला वायसीएम रुग्णालयात. हवालदार घरी आला म्हणजे कुणावर गुन्हा दाखल झाला असं नाही. अंथरूण धुऊ नका, आवरू नका. बाळ कसं झोपलं होतं, अंगावर काय होतं, शेवटचं कधी पाजलं, गेल्या आठवड्यात सर्दी-ताप होता का, हे कागदावर लिहून काढा. गुटी, ग्राइप वॉटर किंवा कुणी दिलेली पुडी, जे दिलं असेल ते लाज न बाळगता सांगा. बंद खोलीत शेक-शेगडी किंवा धुरी होत असेल तर तेही सांगायलाच हवं. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा रक्तात मोजता येते, पण मुळात तो संशय कुणाच्या मनात यायला हवा.

आणखी एक विनंती त्याच दिवशी करावी, कारण उशीर झाला की उपयोग राहत नाही. फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब, थोडी लघवी आणि शक्य असेल तर त्वचेचा छोटा तुकडा राखून ठेवायला सांगा. चरबीपासून ऊर्जा न बनवता येणं यासारखे चयापचयाचे आनुवंशिक आजार त्यातून कळतात. नवराबायको मामेभाऊ-आतेबहीण असतील किंवा घरात आधी एखादं मूल असंच गेलं असेल, तर हे फारच महत्त्वाचं. आईबाप आणि भावंडं यांचा ईसीजीही काढून घ्यावा, कारण हृदयाच्या लयीचे काही दोष घराण्यात चालत येतात. एकाच घरात दोनदा असं घडलं तर त्याला शाप म्हणतात किंवा संशय घेतात. इंग्लंडमध्ये १९९९ साली सॅली क्लार्क या आईला दोन मुलांच्या मृत्यूबद्दल खुनी ठरवलं गेलं. योगायोगाने असं घडण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक, असं न्यायालयात सांगण्यात आलं होतं. ८,५४३ ला ८,५४३ ने गुणून तो आकडा काढला होता. पण असा गुणाकार फक्त एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांचाच करता येतो. सख्ख्या भावंडांची जनुकं आणि घर एकच असतं. २००३ मध्ये ती निर्दोष सुटली.

पहिल्या कागदावर अनेकदा ‘व्हिसेरा (म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला’ एवढंच असतं. अंतिम अहवाल यायला महिने लागू शकतात. तो आला की बालरोगतज्ज्ञांची वेगळी वेळ घेऊन, प्रश्न लिहून, दोघांनी मिळून जावं. मृत्यूची नोंद महापालिकेत २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. जन्माची नोंद राहिली असेल तर तीही करून घ्या. बाळ होतं याचा तो पुरावा पुढे अनेकांना हवासा वाटतो. बालमृत्यूच्या आढाव्यासाठी आरोग्य खात्याचं माणूस घरी येऊ शकतं. त्याचा हेतू दोष ठरवण्याचा नसतो.

येत राहणारं दूध

याबद्दल घरात कुणी बोलत नाही. तीन महिन्यांच्या बाळाला पूर्णपणे अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध येतं. ते एकाएकी थांबत नाही. एका दिवसाच्या आत स्तन दगडासारखे होतात, आणि शेजारचं बाळ रडलं तरी ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे पान्हा फुटतो. दूध आटण्याची किल्ली स्तनातच असते. आत साचलेलं दूधच पेशींना ‘थांबा’ असा निरोप देतं, आणि तो निरोप देणाऱ्या रेणूंपैकी एक सेरोटोनिनच आहे. स्तनातल्या पेशी ते स्वतः बनवतात. दूध साचलं की ते वाढतं आणि दूध बनणं मंदावतं. म्हणूनच स्तन पूर्ण रिकामे केले तर दूध आटत नाही, आणि अजिबात न काढलं तर गाठी होतात.

मधला मार्ग असा. ठणका असह्य झाला की हाताने थोडंसंच काढायचं, कडकपणा सैल होईल एवढंच, आणि दर दिवशी मधलं अंतर वाढवत न्यायचं. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं शेकायचं. गरम पाणी थेट स्तनांवर घ्यायचं नाही. आधार देणारी ब्रेसियर घालायची, पण पट्टा आवळून बांधायचा नाही, त्याने नळ्या तुंबतात. पाणी पिणं कमी करायचं नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारून घ्यावं. लाल, गरम, दुखरा चट्टा आणि १०१ अंशांच्या वर ताप आला तर त्याच दिवशी दाखवावं. दूध नीट येऊ लागलेलं असेल तर काही डॉक्टर ते आटवण्यासाठी कॅबरगोलिन हे औषध देतात, ०.२५ मिलिग्रॅम दर बारा तासांनी, दोन दिवस. रक्तदाब वाढलेला असेल, हृदयाच्या झडपांचा आजार असेल किंवा पूर्वी मनोविकार झाला असेल तर ते चालत नाही, म्हणून परस्पर दुकानातून आणू नये. स्तनांवर मोगऱ्याची फुलं बांधण्याचा दक्षिणेतला उपाय वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८८ साली ब्रोमोक्रिप्टिन या दूध आटवणाऱ्या औषधाशी ताडून पाहिला होता. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दोन्हींनी उतरलं, औषधाने जास्त, पण ठणका आणि दूध कमी होण्यात दोन्ही सारखेच ठरले. एवढ्या लहान अभ्यासावरून फार काही ठरवता येणार नाही, पण करून बघण्यात अपाय नाही. दूध ओसरायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. नंतरही थेंब येऊ शकतात.

काही आयांना ते दूध वाया जाऊ नये असं वाटतं. ससूनमध्ये मातृदुग्धपेढी आहे. तिथे आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सिफिलिससाठी तपासणी होते, आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं ठेवून मग अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिलं जातं. हे सुचवावं, पण आग्रह धरू नये.

घरातली माणसं

आईला ‘बघवणार नाही’ म्हणून शेवटचं दर्शनही न घेऊ देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हे तिलाच विचारून ठरवा. बाळाला हातात घ्यायचं असेल तर घेऊ द्या. जावळातली एक बट, पावलांचा ठसा, अंगडं-टोपडं राखून ठेवा, आज नको असलं तरी. पाळणा तिला न विचारता दूर नेऊ नका. फोन घ्यायला एकच माणूस नेमा. आशाताईंना आणि डॉक्टरांच्या क्लिनिकला कळवून लसीच्या आठवणीचे मेसेज बंद करून घ्या, नाहीतर चौदाव्या आठवड्याचा मेसेज बरोबर येतो.

बाप कागदपत्रांमागे धावतो, म्हणून तो ‘सावरला’ असं धरलं जातं. दुःख कधी अंगावर येतं, कधी माणूस कामात स्वतःला विसरतो. हे येणं-जाणं नैसर्गिक आहे, आणि नवराबायकोंचं ते एका वेळी होत नाही. मोठ्या भावंडाला ‘बाळ झोपलं’ असं सांगू नका. ते झोपायला घाबरू लागतं. बाळाचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाही, आणि तू रागावलास म्हणून हे झालं नाही, एवढं स्पष्ट बोला.

झोपेच्या गोळ्या देऊन आईला दिवसचे दिवस गुंगीत ठेवू नये. सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं ठप्प असेल, किंवा त्याआधी कधीही जीव द्यावासा वाटला, भास झाले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. ससूनला हा विभाग आहे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही मराठीत बोलता येतं.

‘लवकर दुसरं होऊ दे’ हा सल्ला शरीरालाही मानवत नाही. पाजणं थांबलं की काही आठवड्यांतच बीजनिर्मिती सुरू होऊ शकते, म्हणून गर्भनिरोधनाचं लगेच बोलावं. जागतिक आरोग्य संघटना पुढच्या गर्भधारणेआधी किमान २४ महिन्यांचं अंतर सांगते. पुढचं बाळ आल्यावर ते उताणं, सपाट कडक गादीवर, उशी-दुलईशिवाय, आपल्याच खोलीत पण वेगळ्या जागेवर, बिडी-सिगारेटच्या धुरापासून दूर झोपवावं. मोज्यात बसवायचे मॉनिटर सिड्स टाळतात असं सिद्ध झालेलं नाही आणि खोट्या इशाऱ्यांनी ते उरलीसुरली झोपही घालवतात. त्यापेक्षा घरातल्या सगळ्यांनी बाळाचा सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन वाचवण्याची पद्धत, शिकून घ्यावा. मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, सुमारे ४ सेंटिमीटर खोल ३० दाब, मग २ श्वास.